कापूस लागला आणि गुरुजी गेले

आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत असताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचा दोषही माझ्यावरच आला. ठेवला? मग ऐका. माझी इज्जत एका गावासमोर, एका तलावासमोर आणि एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसमोर एकाच दिवशी कशी गेली, त्याची ही हकिकत.

मी मूळचा वरोऱ्याचा. नोकरी मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्याच सावली गावापासून थोडं आत, तलावाच्या काठच्या एका गावात. जिल्हा परिषदेची शाळा. गावाचं नाव सांगत नाही, तिथं मला अजून तोंड दाखवायचं आहे. अर्धं गाव तलावात मासे धरणारं, अर्धं धानाच्या बांधीत राबणारं. माणसं गोड. पण एकदा ‘नाई’ म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी ‘नाईच’.

करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. ओसरली म्हणजे काय, जाता जाता गावातली चांगली चालतीबोलती माणसं घेऊन गेली. आणि आता लस आली होती. लसीच्या आधी लसीच्या अफवा आल्या होत्या. त्यांना ना थंड पेटी लागत, ना गाडी!

मला ड्युटी लागली जनजागृतीची. माझ्या जोडीला गावच्या आशा सेविका सुमनबाई.

आता सुमनबाईंबद्दल सांगायलाच पाहिजे. वय चाळिशीचं, अंगानं काटक, पायात झिजलेली चप्पल, खांद्याला पिशवी. या बाईनं लाटेच्या दिवसांत गावातलं एकही दार सोडलं नव्हतं. बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र असतं ना, ते घेऊन घरोघर फिरायची. लोक बोट द्यायला घाबरायचे. तर हिनं काय केलं? रामाजी नावाचे गावातले सगळ्यात म्हातारे मासेमार. त्यांच्या बोटाला चिमटा लावला आणि गंभीर तोंड करून म्हणाली, “रामाजी, ह्या मशीनीसमोर खोटं बोललं तं आकडा खाली येते बरं!”

रामाजी आकड्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “काल थोडीशी घेतली होती जी.”

“मी विचारलंच कुठी?”

“नाई, आकडा खाली याच्या आंधी सांगून टाकतो म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याचा हात धरून दारात उभ्या! “सुमनबाई, पयले यायले लाव व ते मशीन!”

एरवी ज्या गावात कुणी बोट पुढे करत नव्हतं, तिथं रांग लागली. सांगा, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात?

लसीच्या अफवांनाही तिच्याकडे अशीच औषधं होती. एकानं सांगितलं, सुई घेतली की हात लोहचुंबक होतो, चमचे चिकटतात. ही म्हणाली, “मंग तं बरंच आहे ना भाऊ! तुमची बायको रोज चमचे शोधून राह्यली. आता तुमालेच भिंतीले उभं करन.” दुसरे एक आजोबा म्हणाले, सुई घेतली तर पोरं होत नाहीत म्हणे. तिनं अंगणातल्या नातवंडांकडे हात केला. “हे एवढे कमी पडून राह्यले का तुमाले?” आजोबांपेक्षा आजी जास्त हसल्या.

आणि मी काय करत होतो? मी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर भाषणं करत होतो! गार सावलीत, खुर्चीत बसून. “गावकरी बंधू-भगिनींनो, लस म्हणजे मुंगी चावल्यासारखं. मुंगी! मुंगीला घाबरणारा माणूस कधी पाहिलाय का?”

होय. मी पाहिलाय. रोज आरशात.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला सुईची भीती वाटते. साधी नाही, जबरदस्त. चौथीत असताना शाळेत डॉक्टर आले म्हणून मी खिडकीतून उडी मारून थेट घरी पोचलो होतो. शिक्षकांना लस गावच्या आधी मिळाली, तेव्हाही मी दोनदा टाळली. एकदा सर्दी झाली म्हणून, दुसऱ्यांदा सासऱ्यांना सर्दी झाली म्हणून. हे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. सुमनबाईंनाही नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी शाळेत बैठक झाली. रामाजींनी सरळ विचारलं, “गुरुजी, तुमी घेतली का सुई?”

“मी… मी थांबलोय,” मी म्हणालो. “मला गावाबरोबर घ्यायची आहे.”

असं वाक्य मला सुचलं तरी कसं, मला अजून कळत नाही. सगळी बैठक भारावली! रामाजींच्या डोळ्यांत पाणी. “पाहा, याले म्हणते माणूस! मंग ठरलं. उद्या पयली सुई गुरुजीले. गुरुजीनं घेतली तं आमी घेऊ.”

सुमनबाईंनी माझ्याकडे अशा आदरानं बघितलं की मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. एक तरुण डॉक्टर, एक सिस्टर, निळी पेटी. शाळेच्या वऱ्हांड्यात मधोमध खुर्ची मांडली. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून! समोर अंगणात अख्खं गाव. मी हात जोडत, हसत, पुढारी निवडणुकीला निघतो तसा चालत जाऊन खुर्चीत बसलो. बाही वर केली.

सिस्टरनं बाटलीतून कापूस ओला केला. तो वास आला. मग तो गार कापूस माझ्या दंडाला लागला.

मंडळी, इथून पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. जे सांगतो ते ऐकीव आहे.

म्हणतात की मी “आई” असं म्हणालो आणि उजवीकडे कललो. खुर्ची माझ्याबरोबर आली. खुर्चीबरोबर पाण्याचा माठ आला. माठ फुटला तो मोठा आवाज झाला, पाणी वऱ्हांडाभर, आणि त्या पाण्यात मी, डोळे पांढरे करून. मग भागीरथाबाई नावाच्या म्हातारीनं छाती बडवून घेतली.

“गेले वं माय! गुरुजी गेले!”

झालं! दोन मिनिटांत अंगण साफ. चपला तेवढ्या उरल्या. बांधीवाले बांधीकडे, बायका घरात, आतून कड्या. आणि मासेमार? त्यांनी तर सरळ डोंगे ढकलले आणि तलावाच्या मधोमध जाऊन थांबले. लस पाण्यावरून चालत येणार नाही, एवढी त्यांना खात्री होती.

इकडे कुणीतरी घाईत आमच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. “गुरुजीले सुई लावली. गुरुजी गेले.” मुख्याध्यापक भले माणूस, हळव्या मनाचे. त्यांनी शिक्षकांच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

मी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर माझे पाय वर धरून उभे होते आणि खिशातला फोन टिंग-टिंग करत होता. काढून बघतो तर हात जोडलेल्यांची रांग! एकानं लिहिलं होतं, ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले.’ हा माणूस गेली चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हता! ते वाचून खरं सांगतो, मला जरा बरंच वाटलं. मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो आणि उरलेले वाचले.

तेवढ्यात बायकोचा फोन, वरोऱ्याहून. श्रद्धांजली ग्रुपमधून थेट आमच्या गल्लीत पोचली होती.

“कुठी आहा?”

“शाळेत.”

“जित्ते आहा?”

“हो गं.”

“मंग फोन काऊन नाई उचलून राह्यले मघापासून? इथी गल्लीतल्या बाया जमल्या ना! तुमची आत्या गळा काढून राह्यली, आन मधात-मधात चहा मागून राह्यली! काय सांगू त्यायले?”

“सांग की चुकून झालं.”

“काय चुकून झालं? मेले ते, का जित्ते राह्यले ते?” आणि फोन आपटला. नंतर कळलं की फोन ठेवल्यावर ती देवघरासमोर बसून बराच वेळ रडली होती. पण ते मला सांगेल तर ती माझी बायको कसली!

मी उठून बसलो. ओल्या पँटनं. आणि समोर बघितलं तर सुमनबाई वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून उभी. त्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू नव्हतं. एक-एक दार, एक-एक माणूस पटवून तिनं हे गाव अंगणापर्यंत आणलं होतं. माझ्या एका ‘आई’नं ते सगळं तलावात गेलं होतं.

“गुरुजी,” ती हळूच म्हणाली, “सुईचं भेव लागते ना तुमाले?”

“नाही, ते उन्हामुळं…”

तिनं वर वऱ्हांड्याच्या छताकडे बोट दाखवलं.

“लागतं,” मी म्हणालो. “लहानपणापासून.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“लाज वाटली.”

मला वाटलं आता ही चिडणार. चिडायलाच पाहिजे होतं. ती माझ्या शेजारी त्या ओल्या फरशीवर बसली. म्हणाली, “माह्या बाबालेही भेव लागत होतं. दवाखान्याचं. तीन दिवस ताप लपवला त्यायनं माह्यापासून. मी गावभर लोकायचा ताप मोजत फिरून राह्यली, आन घरात माहा बाप गोधडीत तोंड घालून, नाई व, काई नाई, म्हणत राह्यला. चंद्रपूरले नेलं तवा उशीर झाला होता.”

तिचे वडील लाटेत गेले हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. आणि हेही आठवलं की वडील गेल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा पिशवी घेऊन दारोदार दिसली होती, तेच ‘आकडा खाली येते’ करत.

मी विचारलं, “बाई, तुम्हाला हसायला सुचतं तरी कसं?”

“रडत-रडत गेली तं लोक दार लावून घेते जी. हसत गेली तं निदान पानी तरी विचारते.” ती उठली, लुगड्याला हात पुसले. “चाला आता. भेव लागते त्याच्यात काई लाज नाई. पण तुमी मेले नाई, हे तं दाखवा लागन ना!”

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आम्ही पोचलो. पुढे सुमनबाई, मागे मी, माझ्या मागे डॉक्टर आणि पेटी घेऊन सिस्टर. मला बघून डोंग्यांत एकच कालवा झाला. कुणीतरी ओरडलं, “गुरुजीचं भूत!”

“भुताची पँट वली राह्यते का रे?” सुमनबाई ओरडली. “इकडं पाहा! जित्ते आहेत!”

“मंग पडले काऊन?” रामाजींचा आवाज पाण्यावरून आला. “सुई लावल्याबराबर पडले! आमी डोळ्यानं पाह्यलं!”

“सुई लावलीच नाई, रामाजी!”

“आँ?”

“सुई पेटीतच आहे अजून! इचारा सिस्टरले! नुसता कापूस लावला होता! कापसानं पडले गुरुजी!”

तलावावरची सगळी वल्ही थांबली. मी पाळीवर उभा राहून जमीन दुभंगते का बघत होतो.

“कापसानं?” रामाजी.

“कापसानं! आन मले सांगा, ह्या गावात सुई कोणं-कोणं घेतली आहे? मी! एक नाई, दोन-दोन घेतल्या! उभी आहो का नाई तुमच्यासमोर? आन पडलं कोण? ज्यानं नाई घेतली तो! आता तुमीच सांगा, सुई घेतल्यानं माणूस पडते, का नाई घेतल्यानं पडते?”

काय मुद्दा होता, मंडळी! मी इतकी वर्षं पोरांना शिकवतोय, वादविवाद स्पर्धा भरवल्या, पण असा डाव मला जन्मात सुचला नसता. माझ्याच पडण्याचा तिनं लसीसाठी पुरावा करून टाकला!

आधी एका डोंग्यातून फिस्‌ऽ असा आवाज आला. मग दुसऱ्यातून. मग रामाजी हसायला लागले, आणि ते हसले तसा त्यांचा डोंगा हलायला लागला, तशी बाकीची माणसं ओरडायला लागली, “आबा, बुडवता का आमाले!” सगळा तलाव हसत होता. इकडे घरांच्या कड्या निघाल्या आणि बायका पाळीवर जमल्या.

“पण मंग,” रामाजी डोळे पुसत म्हणाले, “गुरुजीले आता आमच्यासमोर लावा. इथीच. पाळीवर. ते उभे राह्यले तं आमी काठाले येतो.”

मी हळूच मागे वळलो, तर मागे बायकांची भिंत उभी.

खुर्ची आणली. मी बसलो. घाम पाठीवरून ओघळत होता. डॉक्टर म्हणाले, वर बघा. वर बघितलं तर आभाळ फिरत होतं. तेव्हा सुमनबाई माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “गुरुजी, तेराचा पाढा म्हणा.”

“काय?”

“तेराचा पाढा. येते ना? का पोरायलेच मारता त्याच्यासाठी?”

आता शिक्षकाला असं विचारल्यावर काय करणार? मी डोळे मिटले आणि सुरू केलं. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. आवाज चढवत गेलो. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्क्याण्णव, तेरा आठे…

तेरा आठे…

गेलं! कोरं! डोक्यात नुसता वारा!

“एकशे चार!” तलावातून रामाजी ओरडले. जन्मात शाळेची पायरी न चढलेला माणूस! “एकशे चार हो गुरुजी! गुरुजीले पाढा येत नाई रे!”

मी चिडून डोळे उघडले. “येतो! मला सगळं येतं! सिस्टर, तुम्ही लावा सुई, मी तयार आहे! होऊन जाऊ द्या!”

सिस्टर पेटी बंद करत होत्या. “सर, तुमची कधीच झाली. तेरा पंचेला.”

मग जो हशा झाला, तो म्हणे पलीकडच्या गावात ऐकू गेला. डोंगे काठाला लागले. रामाजी सगळ्यांत आधी उतरले, मासे धरून-धरून सुरकुतलेला आपला हात पुढे केला आणि सिस्टरला अगदी गंभीरपणे बजावलं, “बाई, मले सरळ सुई लावा. कापूस लावू नका. कापूस लय बेक्कार गोष्ट आहे.”

त्यानंतर येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणायला लागला! “मले बिनाकापसाची!” “माह्या बायकोले कापूस लावू नका जी, तिले बीपी आहे!” सिस्टरना प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं की कापूस निरुपद्रवी आहे, सरकारमान्य आहे. लसीबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. गावाची सगळी भीती कापसाकडे वळली होती. संध्याकाळपर्यंत आणलेल्या सगळ्या कुप्या रिकाम्या झाल्या आणि उरलेली माणसं भांडायला लागली, आमाले काऊन नाई?

गाडी गेल्यावर सुमनबाई पाळीवर एकटीच बसली होती. हसत होती. हसता-हसता पदर डोळ्यांना लावत होती, आणि मग पदर डोळ्यांवरच राहिला. मी दूरच उभा राहिलो. थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं, पिशवी उचलली आणि मला बघून म्हणाली, “गुरुजी, पँट वाळली का?”

अशी ही बाई! मी आजवर बरेच मोठे वक्ते ऐकले, भाषणांना टाळ्या वाजवल्या. पण उभ्या गावाला पाण्यातून काठावर आणणारी ही एकच बघितली.

आता दुसऱ्या डोसचं सांगतो आणि संपवतो. दुसऱ्या डोसच्या दिवशी डॉक्टर पोचायच्या आधीच शाळेचं अंगण भरलं होतं. आपलं गाव तर होतंच, शेजारच्या गावचेही लोक बैलबंडीनं आले होते. बायका-पोरं, म्हातारेकोतारे, पुढे बसायला जागा नाही. डॉक्टर थक्क! माझा हात हातात घेऊन म्हणाले, “सर, याला म्हणतात जनजागृती. बाकी गावांत आम्ही हात जोडून थकलो.” माझी छाती फुगली. मी दोन शब्द बोलायला उभासुद्धा राहिलो. लोक किती सुजाण झालेत वगैरे.

पहिल्या रांगेत पोतं अंथरून भागीरथाबाई बसली होती. डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, “आजी, एवढ्या सकाळी येऊन बसलात? लसीचं महत्त्व पटलं म्हणायचं!”

“लस तं घेईनच जी,” म्हातारी म्हणाली. “पण मागल्या टायमाले माह्यासमोर लय गर्दी होती, नीट दिसलंच नाई. म्हून यंदा लवकर आली. गुरुजी कवा पडते?”

मी सुमनबाईंकडे पाहिलं. तिनं तोंडावर पदर धरला होता. अंगणातले सगळे डोळे माझ्यावर. सिस्टरनं बाटली उघडली.

आणि मंडळी, इतक्या लांबून बैलबंडीनं आलेली माणसं… मी त्यांना निराश केलं नाही.